दत्ता एकदाच विचारायचा

२७ जानेवारीला सकाळी चंद्राचा फोन वाजला तेव्हा ती ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसली होती. फोन पायाशीच होता. वर किमयाचं नाव आलं, सायकलवर बसून हसणाऱ्या पोरीचा फोटो आला. चंद्रानं बघितलं आणि शेंगा निवडत राहिली. वाजू दे. कशाला वाजतोय ते तिला माहीत होतं. दरसाली परत येताना गडबला चहाला थांबले की पोरगी फोन करायची. आई अशी मजा आली, आई तशी मजा आली, आंघोळीचं पाणी तापत ठेव. बापलेकीनं मजा करायची आणि हिनं पाणी तापवायचं. फोन वाजून वाजून बंद झाला. जरा वेळानं परत वाजला, परत बंद झाला. चंद्रा शेंगांना बोलली, बसा म्हणावं वाट बघत.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, तो पण ओरडायला म्हणून.

"काय गो, हात मोकळे नायत माझे..."

"आई, बाबा उठत नायत."

झालं असं की गडबला हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर दत्ता सायकल टेकून बाकड्यावर बसला. छातीत जळजळतंय बोलला. रात्री पोपटी जास्त खाल्ली असेल, असं पण बोलला. मग पाणी मागितलं, आणि पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी कलंडला. टपरीवाला भला माणूस, त्यानं जाणारा टेम्पो आडवा होऊन थांबवला. पेणच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर बोलले, वाटेतच गेलेत, कुणी काय करू शकलं नसतं. एकोणपन्नास वर्षांचा आमचा दत्ता. सर्दी झाली तरी गोळी न घेणारा.

चंद्रा दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या बोटांना अजून शेंगांचा हिरवा वास होता. किमया बाकावर बसलेली, मांडीवर दोन हेल्मेटं, एक तिचं, एक बापाचं. चंद्राच्या मनात तेव्हा जे आलं ते तिनं मागाहून स्वतःच सांगितलं, म्हणून इथं लिहायचं. रडायच्या पण आधी तिच्या मनात आलं, शेवटी जाताना पण हिच्याच जवळ गेला.

तर हा दत्ता कोण, ते सांगायला पाहिजे. पेणच्या खाडीकडची आमची माणसं, मिठागरावरची. दत्ता लहान असताना बापाबरोबर मिठागराच्या बांधावर झोपायचा. भरतीचं पाणी मिठाच्या कोंडीत कधी घ्यायचं, कधी अडवायचं, त्याची राखण असायची. डोक्यावर आभाळ, खाली गोणपाट. पुढं मिठागर बंद पडलं आणि दत्ता नागोठण्याकडं एका कंपनीत ठेकेदाराकडं लागला. तीन शिफ्ट. माणूस मुका नव्हता, पण शब्द जपून वापरायचा. मिठागरावरच्या घरांत आग्रह नसतो. उन्हात दिवसभर मीठ ओढून आलेली माणसं, भाकर पुढं ठेवली की खायची असेल तर खा, नको तर नको बोल. विषय संपला.

चंद्रा रोह्याकडची. तिच्या माहेरी नेमकं उलटं. तिकडं पाव्हण्यानं पहिल्यांदा नकोच बोलायचं, दुसऱ्यांदा पण नको, मग घरचा माणूस हात धरून वाढणार, तेव्हा घ्यायचं. पहिल्या खेपेला हात पुढं केला तर आधाशी म्हणतात.

लग्न झाल्यावर आठव्या दिवशीची गोष्ट. तव्यावर दोनच बोंबील राहिलेले. दत्तानं विचारलं, "घेतेस काय?" चंद्रा बोलली, "नको, तुम्ही घ्या." दत्तानं दोन्ही खाल्ले. चंद्रा त्या रात्री कोरड्या भाकरीवर झोपली आणि बावीस वर्षं ती गोष्ट सांगत राहिली. दत्ता प्रत्येक वेळी तेच बोलायचा, "तूच नको बोललीस ना."

किमया अकरा वर्षांची झाली तेव्हा दत्तानं तिला पेणहून जुनी सायकल आणली, चेन बदलली, रंग मारला. जानेवारीत एक दिवस जेवता जेवता बोलला, "सव्वीसला सुट्टी हाय. झेंडा झाला की सायकलनं निघू. निडीला हसनच्या शेतावर जाऊ, नदीकडं. तिथंच झोपू, ताडपत्री बांधून. पोपटी लावू. तू येतेस काय? डबलसीट घेतो."

हसन म्हणजे त्याच कंपनीत दत्ताबरोबर होता, निडीचा. पोरगा तौहीद दुबईला गेल्यावर काम सोडून शेती बघायला लागला.

चंद्रा मनातून हरखली. जायचंच होतं तिला. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ती कुठं गेली होती? माहेरी आणि दवाखान्यात. पण तोंडातून माहेरची सवय निघाली. "मला काय वेड लागलंय, कॅरेजवर बसून हाडं मोडून घ्यायला? आणि रानात झोपायला आपण काय भिकारी हाव?"

दत्ता बोलला, "बरं."

आणि आमटी ओरपली. चंद्रा वाट बघत राहिली. भांडी घासताना वाट बघितली, अंथरूण घालताना वाट बघितली, सव्वीसला सकाळी कॅरेजवर ताडपत्री बांधताना पण वाट बघितली. दुसऱ्यांदा विचारलं नाय. बापलेक घंटी वाजवत गेले. ते एक "बरं" नऊ वर्षं तिच्या घशात अडकून राहिलं.

आता पोपटीचं सांगायचं तर थंडीत आमच्याकडं शेतात पोपटी लावतात. मातीचं मडकं घ्यायचं, त्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. पाणी थेंबभर नाय. तोंडात पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. मडक्यावर पाण्याचा हात शिंपडला आणि चर्र झालं की झाली पोपटी.

हे मडकं दरसाली चंद्रा घरी भरून द्यायची. बांधावर जाऊन भांबुर्डा तीच काढायची. अंडी शेंगांच्या मधी अशी पुरायची की पेण ते निडी खड्ड्यांतून सायकल गेली तरी एक फुटायचं नाय. किमया घरी येऊन पयलं ते सांगायची, "आई, एक पण नाय फुटलं!" सगळ्या सहलीतलं एवढं एक वाक्य चंद्राचं होतं. बाकीचं सगळं त्या दोघांचं.

आणि बाकीचं लय होतं. नागोठण्याच्या पुढच्या चढाला त्यांनी नाव ठेवलेलं, सासूबाई. का, ते चंद्राला कुणी सांगितलं नाय. घरात मधूनच किमया बोलायची, "बाबा, सासूबाई!" आणि दत्ता गालातल्या गालात हसायचा. चंद्रा विचारायची, "काय झालं?" तर दोघं बोलायचे, "काय नाय." फोनमधी फोटो असायचे. दत्ता चुलीला फुंकर मारताना, दत्ता नदीत पाय सोडून, दत्ता तोंड उघडून हसताना. चंद्रा तो फोटो बोटानं मोठा करून बघायची. दाढेजवळचा सोन्यासारखा पिवळा दात दिसायचा. तो दात तिनं घरात कधी बघितला नव्हता, कारण एवढं तोंड उघडून दत्ता घरात हसलाच नव्हता.

एका साली किमया आली आणि सांगायला लागली, "आई, बाबा लहानपणी कोल्ह्यांना घाबरायचे! बांधावर झोपायचे ना, कोल्हे ओरडले की आजोबांच्या धोतरात तोंड घालायचे. आजोबा बोलायचे, तो तुला नाय, त्याच्या बायकोला हाक मारतोय."

चंद्रा भात वाढत होती. बोलली, "मला नाय कधी सांगितलं."

"तू विचारलं नसशील."

"तुला तरी कुठं विचारायला लागलं?"

किमयानं बापाकडं बघितलं, बापानं ताटाकडं. त्या दोघांचे धुराच्या वासाचे कपडे चंद्रानं दुसऱ्या दिवशी धुतले. दगडावर असे आपटले की दत्ताच्या शर्टाची दोन बटणं गेली. मग ती बटणं शोधत बसली नालीत.

माणसाला कुणाचा पण हेवा वाटतो, पण पोटच्या पोरीचा वाटला तर कुठं बोलायचं? शेजारणी बोलायच्या, "नशीब काढलंस चंद्रा, बाप पोरीला एवढं फिरवतो." ती बोलायची, "व्हय ना." आणि घरात येऊन डबे आपटायची. पोरीच्या पोटऱ्या सायकलनं घट्ट झाल्या, त्यांचा पण राग यायचा. दत्ता रविवारी अंगणात पोरीच्या चेनला तेल घालायचा, त्या तेलाच्या बाटलीचा पण. देवापुढं हात जोडताना तिला स्वतःची लाज वाटायची. मग परत जानेवारी यायचा.

किमया दहावीला होती त्या साली चंद्रानं ते केलं. मडकं भरलं. भांबुर्डा घातला, शेंगा घातल्या, अंडी पुरली, ओवा चोळला. मिठाचा डबा हातात घेतला, झाकण उघडलं, आणि परत लावलं. बघू दे. मिठागरावरच्या माणसाला कळू दे, घरात बसलेली बाई नसली की कसं लागतं. मडक्याचं तोंड पाल्यानं बंद करून दिलं आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नाय. बोलतील, भांडतील, मग ती पण बोलेल, सगळं बोलेल, पहिल्या "बरं"पासून.

दोघं परत आले. चंद्रानं दारातच विचारलं, "कशी झाली?"

"झकास," किमया बोलली. "एक पण नाय फुटलं."

दत्तानं सायकल टेकली. पाय धुवायला गेला. पुढच्या साली चंद्रानं मूठभर मीठ जास्तच घातलं.

असं करत ह्या जानेवारीपर्यंत आलं. किमया वीस वर्षांची, कॉलेजला जाणारी. ताडपत्री जाऊन खरा तंबू आलेला, घरपोच, पिशवीत मावणारा. सव्वीसला सकाळी ग्रामपंचायतीचा झेंडा झाला आणि दत्ता मडकं कॅरेजवर बांधायला बसला. खाली गोणपाटाची चुंबळ, वरून रबर. बांधून झाल्यावर त्यानं मडक्यावर हात ठेवला आणि चंद्राकडं बघितलं. बघत राहिला जरा. चंद्राला वाटलं, आता विचारतो. नऊ सालांनी का होईना, आता विचारतो.

"येतो," दत्ता बोलला.

चंद्रा तोंड फिरवून बोलली, "जावा. तुमची पोरगी थांबलीय."

हे तिचं दत्ताशी शेवटचं बोलणं.

दहावं झालं, बारावं-तेरावं झालं, माणसं आली तशी गेली. हसन मयताला येऊन गेलेला. घरात आई आणि पोरगी दोघीच राहिल्या, आणि दोघींना एकमेकींशी काय बोलायचं ते कळेना. चंद्राला एकच विचारायचं होतं, शेवटी काय बोलला. पण विचारलं तर पोरगी विचारेल, आई तू दोन वेळा फोन का नाय उचलला. किमया दोन्ही सायकली पुसून पडवीत लावायची, आणि चंद्रा त्यांच्याकडं पाठ करून बसायची.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली आणि मलिका उतरली. हसनची बायको. काखेत मडकं, हातात पिशवी. चंद्रानं तिला आजवर दोनदाच बघितलेलं.

"हसनचे गुडघे धरलेत, म्हणून मीच आले गाडीनं," मलिका बोलली. ओटीवर टेकली, मडकं पुढं ठेवलं. घासून पुसून आणलेलं, तरी पोटावर जाळाचा काळा डाग. "तुझं हाय गो. त्या दिवशी निघताना दत्ताभाई बोलले, भाभी, आज कॅरेजवर जड होतंय, राहू दे, मागाहून नेतो. कधी बोलले नव्हते असं. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं."

चंद्रा मडक्याकडं बघत राहिली. मलिकाच बोलत होती. "नऊ साल तुझ्या हातचं खाल्लं बघ आम्ही. शेंग अशी भरायचीस, वा!"

चंद्राच्या मनात आलं, हिनं पण नऊ साल खाल्लं. सगळ्यांनी खाल्लं. भरणारीनं एकदा पण नाय.

"एक साल तेवढं अळणी होतं," मलिका बोलली आणि हसली. "मी बोलले, मिठागरवाल्याच्या घरचं मडकं आणि मीठ नाय! घरात जाऊन मीठ आणलं मी. दत्ताभाई हसले नायत पन. मुकाट्यानं खाल्लं. पोरीला बोलले, आईला सांगायचं नाय, झकास झाली बोलायचं."

निवडायच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन किमया दारात आली होती, ती तिथंच थांबली. चंद्रानं मान वर केली नाय.

"त्याच्या पुढच्या सालापासून टेशनावर जायला लागले," मलिका बोलली.

"कोन?"

"दत्ताभाई. संध्याकाळची रोह्याची गाडी यायच्या टायमाला. इकडं मडकं जाळावर, पोरगी बघतेय, आणि हे सायकल काढून निडी टेशनावर. गाडी गेली की परत."

"मला बोलायचे, बिडी ओढून येतो," किमया दारातून बोलली. "मी बोलायचे, बाबा, बिडी तर सोडलीय. तर बोलायचे, वास घेऊन येतो."

"मी एकदा विचारलं," मलिका बोलली. "कोन पाव्हणं येनार हाय काय? तर बोलले, आली तर चंद्रा येईल. मी बोलले, मग फोन करून बोलवा की तिला. तर बोलले, एकदा विचारलंय. गाडी कुठं थांबते ते तिला ठाव हाय."

ठाव होतंच. माहेरी जाताना दर वेळी ती त्याच गाडीत बसायची. नागोठणं गेलं की निडी, निडी गेली की रोहा. खिडकीतून निडीचं टेशन तिनं शंभर वेळा बघितलं असेल. उतरायचं कधी डोक्यातच आलं नाय.

चंद्रा उठून उभी राहिली. "दुसऱ्यांदा विचारलं असतं तर जीभ झडली असती काय त्याची!" ती पडवीतल्या सायकलीला बोलली. "टेशनावर जाऊन उभा ऱ्हातो! लोखंडाच्या गाडीची वाट बघतो चार-पाच साल, आणि घरात, ताटावर, बाजूला बसलेल्या बाईला एक शब्द नाय! त्या टेशनाला सांगितलं, हिला सांगितलं, मलाच तेवढं नाय!"

मलिका घाबरून बसली. आपण बोलून चूक केली असं तिला वाटलं. किमया सूप घेऊन आईच्या बाजूला आली आणि खाली बसली.

"दुसऱ्यांदा विचारलं ना त्यांनी, आई."

"कधी?"

"गडबला. पयला फोन मी नव्हता केला. बाबांनी माझा मोबाईल मागून घेतला आणि स्वतःच लावला. तू नाय उचलला. मी बोलले, कामात असेल आई. तर बोलले, परत लाव."

चंद्रा बसली. जन्मभर एकदाच विचारणारा माणूस. "काय बोलनार होता?"

"काय माहीत. आंघोळीचं पाणी असेल."

"फोन माझ्या पायाशी होता गो," चंद्रा बोलली. "मी बघत होते त्याच्याकडं."

किमयानं एक शेंग उचलली, शिर काढली, दाणे सुपात टाकले. दुसरी उचलली. उठून गेली नाय. जरा वेळानं चंद्रानं पण सुपात हात घातला.

मलिकाला हे असं गप्प बसवेना. तिनं पिशवीतून खजुराचा डबा काढला, झाकण उघडलं आणि पुढं धरला. "घे गो चंद्रा. तौहीदनं दुबईहून पाठवलेत." चंद्राच्या माहेरची रीत तिला माहीत, रोह्याच्या बाजूचीच ती पण. पहिल्या खेपेला नको येणार, मग परत घे, परत नको, मग हातात कोंबायचं. दुसरं "घे" तिनं ओठावर तयारच ठेवलं होतं.

"दे," चंद्रा बोलली आणि दोन खजूर उचलले.

एक तोंडात टाकला. दुसरा किमयापुढं धरला.

"घेतेस?"

"नको," किमया बोलली.

चंद्रानं हात खाली केला नाय.